गाडीवर आहेस? बरं, मग ऐक!

परवा चौकात वाहतूक पोलिसाने एका तरुणाला बाजूला घेतलं होतं. हेल्मेट आणि गाल यांच्या मधल्या फटीत फोन घट्ट खोचलेला. "फोनवर बोलत होतास," पोलीस म्हणाला. तरुणाने दोन्ही तळवे उघडून दाखवले. "साहेब, हातात कुठाय?" गंमत म्हणजे फोन अजून चालूच होता आणि पलीकडून आवाज येत होता, "कोण साहेब? कुठले साहेब?" हेल्मेटचा हा उपयोग आधी कळला असता, तर पुण्यात हेल्मेटसक्तीला एवढा विरोध झालाच नसता.

कायदा असा : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातला फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरवलं. पहिल्या खेपेला दंड एक ते पाच हजार, तुरुंगवासाचीही तरतूद. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दहा हजार. देशात ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये आणले. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभा मिळाली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

आता हा कायदा मोडणारी आमची मंडळी. एक मान-वाकडे. खांदा आणि कान यांत फोन दाबून हे असे जातात की समोरून बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याची मान लचकलीय. दुसरे टोस्टवाले. फोन तोंडासमोर आडवा, चहात बुडवलेल्या टोस्टसारखा, आणि स्पीकर सुरू. तिसरे मोटारीतले. यांचा फोन मांडीवर असतो. सिग्नल हिरवा झाला तरी मान खालीच. मागून हॉर्न वाजले की दचकून सुटतात. (या एका प्रसंगी हॉर्न वाजवायला माझी पूर्ण परवानगी आहे.)

पण या सगळ्यांना फोन करतं कोण? आपणच की! फोन करणाऱ्याबद्दल कायदा गप्प, पोलीस गप्प.

रिक्षात बसलं की मला गप्पा लागतात. या आठवड्यात मात्र रिक्षावाल्याने तोंड उघडू दिलं नाही, कारण मी बसल्या बसल्या त्याला घरून फोन आला. फोन स्टँडवर, त्यावर नकाशा, दोन्ही हात हँडलवर. तक्रारीला जागाच नव्हती.

"अहो, कुठं आहात?"

"गाडीवर. पॅसेंजर आहे."

"बरं, मग ऐका. मिक्सर परत बंद पडलाय. बिल कुठं ठेवलंत?"

"कपाटात बघ. खालच्या कप्प्यात."

"नाहीये."

"लाल पिशवी बघ. तिच्यात लाइटबिलं आहेत, त्याखाली."

"लाल पिशवीत तर पासबुकं आहेत."

"मग ती दुसरी लाल!"

मला नळस्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रोडला वळायचं होतं. मी "डावीकडे, डावीकडे" म्हणत होतो आणि आम्ही थेट पुलावर चढलो. शेजारून एक बस अंगावर आल्यासारखी आत घुसली, तेव्हा कचकन ब्रेक लागला. "आवाज कसला आला?" पलीकडून चौकशी, आणि लगेच, "सापडली, सापडली!" गृहस्थाचे डोळे रस्त्यावरच होते हो, पण तो बघत होता कपाटात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवून बोलणंही फारसं सुरक्षित नाही. यामागचं कारण मला त्या पुलावर पटलं. शेजारी बसलेल्या माणसालाही बस दिसते. तो बोलता बोलता आपोआप थांबतो. घरी कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला बस दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि चालवणारा उत्तरं देत राहतो, कारण न द्यावीत तर रात्री वेगळी उत्तरं द्यावी लागतात.

आपल्याकडे "कुठं आहेस?" हा प्रश्न काळजीने विचारतात म्हणे. मग "गाडीवर" हे उत्तर आल्यावर ती काळजी जाते कुठे? "बरं, मग ऐक" म्हणून कोथिंबिरीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळं सुरू होतं. तिकडे त्याचा एक हात ब्रेकवर आणि इकडे आपण विचारतोय, "मावशींना साडी द्यायची की पाकीट?"

माझ्या मते हातातल्या फोनइतकाच दोष त्या "मग ऐक"चा आहे. त्यावर दंड बसवणं कुठल्याच सरकारला जमणार नाही, तेव्हा त्याला आवर आपणच घालायला हवा. पलीकडून "गाडीवर आहे" एवढं कानावर पडलं की "पोचलास की कर" म्हणा आणि फोन ठेवून द्या.