लाईट बिल हासुद्धा चळवळीचाच प्रश्न आहे!

१४ एप्रिलला आमच्या वस्तीतील बुद्धविहारासमोर पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, रोषणाई, व्याख्यान, भीमगीते, मिरवणूक! शाळकरी पोरांपासून काठी टेकत आलेल्या आजीपर्यंत सारे हजर असतात. त्यानंतर चार-आठ दिवसांनी त्याच आजी रेशनकार्ड घेऊन दुकानासमोर उभ्या राहतात आणि दुकानदार म्हणतो, "अंगठा लागत नाही, पुढच्या महिन्यात या." मिरवणुकीत आजींच्या पुढे-मागे हजारो माणसे होती. रेशन दुकानासमोर त्यांच्या सोबत कोण असते? कोणीच नसते. आज आम्हाला वाचकांशी बोलायचे आहे ते जयंतीनंतरच्या या दिवसांविषयी.

दुसऱ्यांना चार गोष्टी सांगण्याआधी आमच्या हातून घडलेली चूक सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या तयारीची बैठक चालू होती. मिरवणुकीचा मार्ग, पोलीस परवानगी, वक्ते कोण, यावर तावातावाने चर्चा चालली होती. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतील, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात विजेचे बिल. म्हणाल्या, "वकीलदादा, एवढं बघता का? दोन बल्ब अन् एक पंखा, अन् बिल आलंय साडेअकरा हजारांचं." आम्ही म्हणालो, "मावशी, जयंती होऊ द्या, मग निवांत बघू."

आमची जयंती थाटात झाली, पण मावशींना निवांतपणा मिळाला नाही. "उद्या लाईन कापतो" असे कोणीतरी त्यांना दरडावून सांगितले. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती. मावशींनी शेकडा दहा रुपये महिना व्याजाने सावकाराकडून पैसे उचलले आणि बिल भरून टाकले. पंधरा दिवसांनी आम्ही ते बिल हातात घेतले तेव्हा पाच मिनिटांत सारा प्रकार लक्षात आला. नऊ महिने मीटरचे रीडिंगच घेतलेले नव्हते. अंदाजाने थोडी थोडी युनिट्स लावली होती आणि शेवटी सगळा फरक एकाच महिन्यात टाकला होता. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. नऊ महिन्यांची युनिट्स एका महिन्यात घातली की ती वरच्या टप्प्यात जातात आणि गरिबाच्या खोलीला बंगल्याचा दर लागतो! लेखी तक्रार केली, तेव्हा युनिट्स त्या त्या महिन्यांत विभागली गेली आणि बिल निम्म्याच्या आसपास आले. जास्तीची रक्कम पुढच्या बिलांतून वळती झाली. सावकाराचे व्याज मात्र मावशी वर्षभर फेडत होत्या. वीज कंपनीची चूक कागदावर दुरुस्त झाली. आमची चूक कोणत्या कागदावर दुरुस्त व्हायची?

ही चूक मनाला अधिक लागण्याचे कारण म्हणजे आम्ही कायदा शिकलेले. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची झाली तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे मावशींना त्या दिवशी साडेअकरा हजारांची नव्हे, तर काहीशे रुपयांची गरज होती. आणि एका साध्या अर्जाची! तो अर्ज लिहायला आम्हाला दहा मिनिटे पुरली असती. ती दहा मिनिटे आम्ही मिरवणुकीच्या मार्गावर वाद घालण्यात घालवली.

त्यानंतर आम्ही काही मंडळींनी ठरवले की दर रविवारी वंदना झाली की विहारात दहा ते बारा एक टेबल मांडायचे. टेबलावर एक वही, एक पेन, कोरे कागद. ज्याला जो प्रश्न असेल तो त्याने घेऊन यायचा. फलक नाही, उद्घाटन नाही, कोणाचा फोटो नाही. सुरुवातीला वाटले होते, लोक वकिलाकडे येतील. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. बिलाचा कागद आम्हाला वाचता येत होता, पण मीटर वाचता येत होता तो निवृत्त वायरमन काकांना! त्यांनी पहिल्याच रविवारी एक साधी गोष्ट शिकवली. घरातले सगळे दिवे, पंखे, टीव्ही बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. सगळे बंद असूनही तो लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरवरून दुसऱ्याच कोणाची वीज चालली आहे. एका घरी खरोखरच जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर एका विधवा बाईंच्या मीटरवर चालू होती. पाच वर्षे त्या सगळ्या इमारतीचे बिल भरत होत्या आणि "आपलाच वापर जास्त असेल" म्हणून पंखा बंद करून झोपत होत्या.

रेशनचे प्रश्न अंगणवाडीच्या ताई सोडवतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क दिला आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. तरीही मशीनवर बोट उमटत नाही म्हणून माणसे रिकाम्या पिशवीने परत येतात. ज्यांनी हयातभर झाडू मारला, सिमेंट कालवले, दुसऱ्यांची भांडी घासली, त्यांच्याच बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. कष्टाने ज्याची ओळख पुसली, त्यालाच आज ओळख पटवून द्या म्हणून सांगितले जाते! बोट उमटले नाही एवढ्याच कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारू नका, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. ई-केवायसी राहिली असेल तर ती आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते. हे काम आमच्या टेबलावर बारावीतली एक मुलगी करते. पावती मागायची, पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो ताडून बघायचे, फरक असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची, हे तिने आजीबाईंच्या तोंडी बसवले आहे.

जातीच्या दाखल्याचे काम तर वकिलापेक्षा वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनीच सोपे केले. आमच्या पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर बहुधा नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलतींचा मार्ग खुला झाला; पण त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो आणि तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लागतो. पोराला विचारले, आजोबांची शाळा कोणती, तर पोर गप्प. समोरच्या आजी मात्र चटकन सांगतात, "ह्याचा आजा अमक्या गावच्या शाळेत दुसरीपर्यंत होता, मग मुंबईला गिरणीत गेला." तेथून शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, असे धागे सापडतात. वडिलांकडील चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम आणखी हलके होते. एजंट याच कामाचे हजारो रुपये घेतात, वर पाचशेच्या मुद्रांकाचे पैसे वेगळे. जातीच्या दाखल्यासाठी करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, ते साध्या कागदावर चालते, हे मात्र तो सांगत नाही. अज्ञान हाच त्याचा धंदा आहे. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्यायचीच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने पोच देणे, काम किती दिवसांत होईल ते सांगणे आणि नाकारल्यास कारण लेखी देणे बंधनकारक केले आहे. मुदत टळली तर ३० दिवसांत अपील करता येते. पोच नसेल तर मात्र तुम्ही अर्ज केलाच नव्हता, असे ठरते.

अलीकडे मोबाईलचे प्रश्न सर्वांत जास्त येतात. निवृत्त गिरणी कामगार असलेल्या एका बाबांना व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, पैसे भरा!" बाबा दोन तास घाबरून बसून होते. शेजारच्या मुलीने भाजी द्यायला दार ठोठावले, प्रकार ओळखला आणि फोन बंद केला. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नये, त्याच मिनिटाला १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पसार होतात. बाबांना त्या दिवशी ना वकिलाने वाचवले, ना पोलिसांनी. वाचवले ते शेजाऱ्याने. शेजाऱ्याचे दार ठोठावण्याची सवय राहिली आहे, तोवर आपण पुष्कळ संकटांतून वाचू.

मदत करणाऱ्यांवर मात्र काही बंधने हवीत. नाहीतर एक एजंट घालवून आपणच दुसरा एजंट होऊन बसायचो! आमच्या टेबलाचे नियम असे: एक रुपया घ्यायचा नाही. कोणाचा ओटीपी, पासवर्ड विचारायचा नाही. मूळ कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत. आधारच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते लिहायचे. विजेच्या खांबाला, मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. बाईच्या घरातले भांडण, मारहाण, कर्ज यांची चर्चा टेबलावर करायची नाही, त्यांना आत बसवून ऐकायचे. जे आपल्याला कळत नाही ते "कळत नाही" म्हणून सांगायचे आणि पुढे पाठवायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे ते कलम १२ आहे आणि त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: अर्ज ज्याचा, पेन त्याच्या हातात. आम्ही सांगू, लिहायचे त्याने. सही करता येत नसेल तर आधी सही शिकायची. पहिल्या वेळी सोबत जाऊ, दुसऱ्या वेळी तो एकटा जाईल, तिसऱ्या वेळी तो शेजाऱ्याला घेऊन जाईल. विहाराच्या टेबलासमोर कोण कोणत्या जातीचा, धर्माचा हे विचारले जात नाही. मातंग, मुस्लीम, उत्तरेतून आलेले मजूर, सारे येतात. बिल सगळ्यांचे सारखेच वाढते.

आमचे काही मित्र टीका करतात. "ही समाजसेवा झाली, चळवळ नव्हे. लाईट बिले भरून क्रांती होते काय? सरकारचे काम तुम्ही करता आणि सरकारला मोकळे सोडता." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुसती बिले दुरुस्त करत बसलो तर तसे होईलही. म्हणूनच तर वही आहे! प्रत्येक प्रश्नाची तारीख, काय केले, काय झाले, याची नोंद त्यात असते. एका रविवारी वही चाळली तेव्हा दिसले की एकाच गल्लीतील ओळीने घरांचे रीडिंग घेतलेच जात नाही. तेव्हा एकेका घराचा अर्ज न करता सर्वांनी मिळून, बिले जोडून, एक निवेदन दिले. पुढच्या महिन्यात रीडिंग घ्यायला माणूस आला. घोषणा एकही दिली नव्हती. पण उद्या घोषणा द्यायची वेळ आलीच तर तिच्यामागे कागद असेल, आणि ज्यांची बिले आहेत ती माणसे स्वतःच्या पायांनी येतील.

आणि बाबासाहेबांकडे पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडला जो प्रश्न उभा राहिला, तो काय होता? घरात पाणी कोठून भरायचे! याहून घरगुती प्रश्न कोणता? त्या घोटभर पाण्यासाठी बाबासाहेब रस्त्यावर उतरले आणि कोर्टातही लढले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. दहा वर्षे त्यांनी एका तळ्याचे कागद सोडले नाहीत. हेच बाबासाहेब पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली देशाच्या वीज धोरणावर बोलत होते आणि वीज स्वस्त व मुबलक असली पाहिजे असा आग्रह धरत होते. त्यांच्या लेखी पाणी आणि वीज हे लहान प्रश्न नव्हते. मग आमच्या लेखी ते लहान कधीपासून झाले?

प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, निदान एखादा ओटा आहे. निवृत्त वायरमन आहे, परिचारिका आहे, बँकेत लागलेला मुलगा आहे, मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा आहे, सारे गाव तोंडपाठ असलेली आजी आहे. माणसे आहेत, ज्ञान आहे. फक्त एक टेबल नाही. येत्या रविवारी ते मांडा. पहिल्या दिवशी कोणी येणार नाही. दुसऱ्या रविवारी एखादी मावशी हातात कागद घेऊन दारात उभी राहील आणि संकोचाने विचारेल, "दादा, एवढं बघता का?"

तेव्हा तिला "जयंती होऊ द्या" म्हणू नका. खुर्ची पुढे करा.

जयभीम!