चोर सोडून संन्याशाला...

गर्भपात म्हणजे गुन्हाच, ही समजूत महाराष्ट्रात आजही घट्ट आहे. वास्तविक १९७१च्या गर्भपात कायद्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते याच राज्याचे मंत्री शांतिलाल शाह. गर्भलिंगनिदानाला वेसण घालणारा देशातला पहिला कायदाही १९८८ मध्ये इथलाच. दोन्ही कायदे स्त्रीच्या बाजूचे. अंमलबजावणीत मात्र त्यांची गल्लत झाली. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ उरल्या. दुखणे खरेच. पण लिंग सांगणाऱ्याला मोकळे सोडून गर्भपाताच्या गोळ्यांवर पाळत ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. चौकशीच्या धास्तीने दुकानदार गोळ्या ठेवेनासा झाला, की अडलेली बाई भोंदूच्या दारी जाते. २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यात अविवाहितांनाही समान हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी बजावले. तरीही कायद्यात शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. भ्रूणाबद्दलची नैतिक कालवाकालव प्रामाणिक असू शकते. तिचा भार एकट्या बाईच्याच माथी का? लिंगनिवड जरूर रोखा, पण सुरक्षित सुटकेची वाट बुजवू नका.