पाटी बदलून मुलगे वर्गात येत नाहीत
मा. शिक्षणमंत्री, मॉरिशस सरकार, यांस,

प्राथमिक शाळेच्या शेवटी नापास होणाऱ्या मुलांसाठी आधी प्रीव्होक होते. 2018 पासून एक्स्टेंडेड प्रोग्रॅम आला. आता त्याच्या जागी फाउंडेशन प्रोग्रॅम. पाटी दोनदा बदलली, पण तिच्याखालच्या बाकांवर मुलगे जास्त आणि मुली कमी हे चित्र एकदाही बदलले नाही.

मी कॉलेजात, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत, मराठी शिकवते. मुलग्यांच्या गळतीबद्दल आम्ही काही शिक्षकांनी इंग्रजीत अर्ज केले, फ्रेंचमध्ये केले. ज्या कार्यालयात ते दिले तिथून पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून आता मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे. या देशाच्या शाळांत मराठी शिकवली जाते, तेव्हा हे पत्र वाचून दाखवणारे कोणी ना कोणी मिळेलच.

20 मे 1975 ला आंदोलन करणारे विद्यार्थी पोर्ट लुईच्या दिशेने निघाले आणि ग्राँ रिव्हिएरच्या पुलावर त्यांनी अश्रुधूर खाल्ला. त्यानंतर दोन वर्षांत, 1977 मध्ये, माध्यमिक शिक्षण मोफत झाले. तोवर फी परवडत नसे तिथे मुलगा शाळेत जाई आणि मुलगी घरी राही. फी गेली, मुली आल्या आणि पुढे निघून गेल्या. याचा मला अभिमान आहे. माझ्याच घरातली ती पहिली पिढी. आज माध्यमिक शाळेत मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त आहे, कॉलेजच्या शेवटच्या एचएससी परीक्षेला मुली जास्त बसतात, जास्त पास होतात, विद्यापीठातही त्याच जास्त. मुलींनी मुलग्यांची जागा घेतलेली नाही. मुलगे आपली जागा सोडून जात आहेत, आणि ते कुठे जातात हे विचारायला कोणी तयार नाही.

गणित सरळ आहे. सहावीच्या पीएसएसी परीक्षेत दरवर्षी साधारण चारात एक मूल नापास होते, त्यात मुलगे जास्त. एक्स्टेंडेडमध्ये असा मुलगा वयाच्या 12 व्या वर्षी येई. इतरांनी 3 वर्षांत केलेला अभ्यास त्याने 4 वर्षांत करायचा आणि शेवटी सर्वांसारखीच नववीची एनसीई परीक्षा द्यायची. निकाल लागेपर्यंत तो 16 वर्षांचा. सक्तीचे शिक्षण 2005 पासून 16 व्या वर्षापर्यंतच. म्हणजे तो नापास होतो त्याच सुमाराला कायदाही त्याचा हात सोडतो. तोपर्यंत मात्र पटावर त्याचे नाव असते, आणि पटावर नाव आहे म्हणून तो शाळेत आहे असे तुमचे खाते धरून चालते. तो महिन्यातून किती दिवस बाकावर बसला, हे त्या पटनोंदणीच्या आकड्यात कुठे दिसते?

असा एक मुलगा मला रोज दिसतो, दिसतो त्या दिवशी. वय 14. सोमवारी येतो तेव्हा नखांत सिमेंट असते, कारण शनिवार-रविवार, आणि आता शुक्रवारीही, तो मामाबरोबर गिलाव्याच्या कामावर जातो. एका पोत्याला किती घमेली वाळू लागेल, भिंत किती मीटर असली तर किती पोती लागतील, हे तो उभ्या उभ्या क्रेओलमध्ये सांगतो. तेच गुणोत्तर प्रश्नपत्रिकेत इंग्रजी वाक्यात आले की पेन खाली ठेवतो. त्याला गणित येत नाही असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात आहे. हा शेरा खोटा आहे. क्रेओल 2012 पासून प्राथमिक शाळेत एक विषय म्हणून शिकवली जाते. पण ज्या मुलांना तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांचे गणित आणि विज्ञान अजून इंग्रजीतच अडकलेले आहे.

बाहेर त्याची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. सिंथेटिक ड्रग्जचे जाळे कुठवर पोचले आहे, हे लॅम शँग लीन चौकशी आयोगाने 2018 मध्येच लिहून दिले. इकडे बांधकामासाठी बांगलादेशातून माणसे आणावी लागतात आणि आपल्या मुलग्याच्या हाती त्याच कामाचा साधा दाखलाही नसतो. 2021 मध्ये 12 अकॅडमी उभ्या करण्यासाठी आराखडे, निकष, प्रवेशाच्या फेऱ्या सगळे वेळेवर झाले. हुशार मुलांसाठी हे जमले. मग या मुलांच्या बाबतीत नुसते नाव बदलून कसे भागते?

फाउंडेशन प्रोग्रॅमचे चालू सत्र संपण्याआधी प्रत्येक कॉलेजची ग्रेड 7 ते 9 ची प्रत्यक्ष हजेरी, मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या, नॅशनल असेंब्लीपुढे ठेवा. एक्स्टेंडेडमधून बाहेर पडलेले मुलगे वयाच्या 17 व्या वर्षी कुठे आहेत, याचा शोध घेऊन यादी करा. त्यासाठी घरोघर जायला आम्ही शिक्षक तयार आहोत. नव्या कार्यक्रमाची पहिली दोन वर्षे गणित आणि विज्ञान क्रेओलमध्ये शिकवण्याचा आदेश काढा, आणि 16 ची मर्यादा अशा मुलांसाठी 18 वर न्या.

पोच नको. उत्तर हवे, तारखेसह.

एक मराठी शिक्षिका
प्लेन विल्हेम्स, मॉरिशस