ऐकणाऱ्यांचे वाचन



अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दारावर एक संस्कृत शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात त्यातले साल शके ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे दाखवले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले आणि मंदिर शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात जाऊन बसले. विद्वानांच्या या वाचनाची नोंद राहिली. पण चिखलोली गावापासून वालधुनी नदीच्या काठापर्यंतची जी माणसे नऊशे वर्षांहून अधिक काळ त्या दारातून आत-बाहेर करत आली, त्यांना ती अक्षरे कशी दिसली असतील? कोणी वाचून दाखवली असतील का? हे कोणीच लिहून ठेवलेले नाही.

यंदाचा आमचा दिवाळी अंक या न नोंदलेल्या वाचकांसाठी आहे. वाङ्मयाच्या इतिहासात लेखक असतात, ग्रंथ असतात, छापखानेही असतात. वाचणारा मात्र बहुधा नसतो. आणि वाचून दाखवलेले ऐकणारा तर नसतोच.

त्याच शिलाहारांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दानाचे कोरीव दगड, कोकणात जागोजागी सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढवाचे ते शापचित्र. दान मोडणाऱ्याला काय शिक्षा, हे अक्षरओळख नसलेल्यालाही पाहताक्षणी कळे. राजाला आपली सगळीच प्रजा वाचणारी नाही हे ठाऊक होते, म्हणून त्याने दगडावर वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या दोघांचीही सोय केली.

पुढच्या कित्येक शतकांत सर्वसामान्य मराठी माणसाचे वाचन म्हणजे पोथी. श्रीधरस्वामींचा हरिविजय १७०२ सालचा, रामविजय १७०३ चा, शिवलीलामृत १७१८ चे. छापखाना नसताना हे ग्रंथ गावोगाव पोचले ते नकलांनी. बोरूने लिहिलेली सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती रुमाल. लिहिणारा शेवटी श्लोक घाली: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका, मूर्खाच्या हाती देऊ नका. कोणी लिही की पाठ मोडली, मान वाकली, डोळे खाली लागले, तेव्हा कुठे हे पूर्ण झाले. त्या श्लोकांत मला जुन्या पुस्तकांवरचे खरे प्रेम दिसते. आजच्या कुठल्याही प्रस्तावनेत ते इतके उघड नसते.

आणि मग चातुर्मासात कोणाच्या तरी ओसरीवर ती पोथी लागे. आगरी-कुणब्यांच्या गावांत आजही लागते. एक जण ओवी चालीवर वाचतो, दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगतो. बाकीचे ऐकतात. बाया वाती वळता वळता, तांदूळ निवडता निवडता ऐकतात, पोर मांडीवर झोपून जाते. अध्याय संपला की प्रसाद, पोथी संपली की समाप्तीचे जेवण. वर्षामागून वर्षे तेच ऐकलेल्या म्हाताऱ्यांना ओव्या पाठ असत. वाचणाऱ्याने एखादी गाळली तर कोपऱ्यातून एखाद्या म्हातारीचा आवाज येई. त्या म्हातारीला सही येत नसे. तिला निरक्षर म्हणणे जनगणनेला ठीक आहे. मी तिला वाचक म्हणतो. ज्या गावात धवलारीण लग्नाचे सगळे विधी गाण्यांतून, तोंडपाठ चालवते, तिथे ग्रंथ फक्त कागदावरच असतो असे मानणे अन्यायाचे आहे.

पण त्या ओसरीचे वर्णन एवढ्यावर थांबवले तर ते खोटे ठरेल. ओसरी सगळ्यांची नव्हती. कोणी आत बसे, कोणी अंगणात, कोणाला हाकेच्या अंतरावरही उभे राहता येत नसे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असे तिने सरळ विचारले. अक्षरे हाती आल्यावर तिने पहिल्याने मागितला तो या प्रश्नाचा जबाब.

छापील कागदालाही उंबरठा ओलांडायला वेळ लागला. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्याची माणसे छापलेल्या पुस्तकाला शिवत नसत. मुंबईत छापखानदार गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घालून धर्मग्रंथ छापले, तेव्हा कुठे ते घराघरांत शिरले.

१८५६ साली कल्याणहून पळसदरीकडे आगगाडी सुरू झाली. ती आजच्या अंबरनाथ-बदलापूरवरूनच जाते. गाडीमागोमाग पुस्तकेही आली: १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले, १८९३ मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय. वाचनालय दारात आले म्हणून सगळ्यांच्या हाती पुस्तक आले, असे मात्र झाले नाही. कल्याणच्याच जोशांची यमू नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. नवऱ्याने तिला शिकवले. हट्टाने, आणि मारूनही. अमेरिकेतून त्याला लिहिलेल्या पत्रात तिने त्या माराची आठवण दिली आहे: दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके. १८८६ साली फिलाडेल्फियाहून ती डॉक्टर झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. अंगावर आलेले पुस्तकही सांगायला हवे. तिकडे पुण्यात, १८७३ साली लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानड्यांनी पहिल्याच दिवसापासून अक्षरे गिरवायला लावली. तिथे नवऱ्याचा हात मायेचा होता, टोमणे होते ते घरातल्या बायकांचे. त्या काळात बाईच्या वाचनाची किंमत कोणी ना कोणी वसूल करत होतेच.

परळच्या चाळीत डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागत. मग भीमरावाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच जागेवर स्वतः झोपत, कारण एकाच खोलीत दोघांना एका वेळी पसरायला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्याला हेरले आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे काय घडले ते सांगायला नको. पण त्या आधीच्या रात्री, बापाने लेकासाठी जागून राखलेली ती हातभर जागा, हा मला मराठी वाचनाच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो.

वर्तमानपत्रही पोथीसारखेच चारचौघांत वाचले गेले. ‘केसरी’चा एक अंक, वाचणारा एक आणि भोवती चावडी. तिकडे क्यूबात हवानाच्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगार स्वतःच्या पैशातून वाचक ठेवत आणि तंबाखू वळता वळता कादंबऱ्या ऐकत. आमच्या गिरणगावातल्या खोल्यांत गावचे पत्र आले की ते वाचणाराही ठरलेला असे. घरची गुपिते त्याच्या पोटात राहत.

अंबरनाथशेजारच्या उल्हासनगरची गोष्ट याहून वेगळी. १९४९ साली हे नाव मिळालेल्या, फाळणीतल्या निर्वासितांच्या छावणीत आलेली कितीतरी सिंधी माणसे चांगली शिकलेली होती. अरबी वळणाची सिंधी ती सराईत वाचत, घरातल्या काही बायका गुरुमुखीही वाचत. इथल्या देवनागरी पाट्यांपुढे मात्र ती एका रात्रीत निरक्षर ठरली. त्यांची नातवंडे आज मराठी वाचतात, आणि आजोबांच्या वह्या त्यांना वाचता येत नाहीत. आपल्याकडच्या मोडी दप्तरांचे तेच झाले.

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाशेजारी अंक ठेवायची आपली रीत. यंदा तो एकट्याने वाचून बाजूला ठेवू नका. एखादी कथा घरातल्या कोणाला मोठ्याने वाचून दाखवा. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा: तुम्हाला पहिले अक्षर कोणी शिकवले, पोथी कोण वाचत असे, तुम्ही कुठे बसत होता, कोणाला बसू दिले जात नव्हते? ते सांगतील तसेच, त्यांच्याच शब्दांत, गाव आणि साल घालून लिहा. माळ्यावरचा मोडी कागद रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आणि लिहिलेले आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळीला आम्ही ते छापू.