रोज न घेता केलेला प्रचार

२०२४च्या विधानसभेच्या प्रचाराला मी दारोदार फिरायला लागले, तेव्हा भूम तालुक्यातल्या आमच्या ईटमधल्या बायकांनी उमेदवाराचं नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "रोज किती देतेत तुला?"

माझं शिवणकाम आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. अर्ध्या गावाची मापं माझ्याकडे लिहिलेली, त्यामुळे बायका माझ्याशी आडपडदा ठेवत नाहीत. काहीच देत नाहीत म्हटलं की हसायच्या. एका आजीला तर माझी कीवच आली. "लग्नसराई तोंडावर आली, अन् मशीन सोडून फुकट कशाला पायपीट करायलीस गं?" म्हणाली. तिला वाटलं, नवऱ्याचं कुठं बिल अडकलंय, नाहीतर पोराला कुठं चिकटवायचंय. यातलं काहीच नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

मी कोणाचा प्रचार केला हे गावाला ठाऊक आहे. इथं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढचं कोणी वाचणार नाही, नावावरच भांडत बसतील. मला बोलायचंय ते फुकट प्रचाराबद्दल. तो करणं आता येडेपणात जमा झालंय आणि त्यात खरा तोटा मतदाराचा आहे. रोजाने आलेल्या माणसाचा हिशेब त्याच संध्याकाळी फिटतो. उमेदवाराने पैसे दिले, याने घोषणा दिल्या, विषय संपला. दुसऱ्या दिवशी तो कोणत्या तोंडाने विचारणार, की आमच्या विजेच्या डीपीचं काय झालं? माझा हिशेब कोणी फिटवलेला नाही. म्हणून मी विचारते, आणि समोरच्याला ऐकून घ्यावं लागतं.

सभेला टेम्पोत बसून जाणाऱ्या बायकांना मी नावं ठेवत नाही. ज्वारीच्या खुरपणीत दिवसभर पाठ मोडायची, की खुर्चीवर बसून भाषण ऐकायचं आणि वर जेवण घ्यायचं? मीही त्यांच्या जागी असते तर टेम्पोतच बसले असते. राग येतो तो या गर्दीचे फोटो बघून 'वातावरण' ठरवणाऱ्यांचा. एकाच बाईला मी दोन वेगवेगळ्या रंगांचे गमछे घालून दोन सभांना जाताना पाहिलंय. मतदान तिने तिच्या मनानेच केलं असणार. कायद्याने विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप यांचे दरसुद्धा जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं आणि त्या दराने खर्च धरला जातो. त्या तक्त्यात टाळी वाजवण्याचा दर मात्र कुठे नसतो.

आमचा मतदारसंघ परंडा, म्हणजे भूम, परंडा आणि वाशी तालुका. २०१९ला इथं तानाजी सावंतांनी राहुल मोटेंना ३२ हजारांवर मतांनी हरवलं. २०२४ला पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. पक्ष तोवर फुटून नव्याने उभे राहिले होते, चिन्हं बदलली होती. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा सावंत निवडून आले, पण फक्त १,५०९ मतांनी. दोघांनाही लाखाच्या वर मतं. आमच्या शेजारी खर्ड्याच्या बाजूला कर्जत-जामखेड मतदारसंघ लागतो, तिथं रोहित पवार १,२४३ मतांनी तरले. आमच्याकडचा फरक मतदान केंद्रांच्या संख्येने भागला तर एका केंद्रामागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं येतात. म्हणजे एक घर. सासू-सासरे, दोन मुलं, एक सून. हे घर कोणी गाठलं, कोणाचं नाव यादीत होतं, कोण पुण्याहून आलं, यावर आमदार ठरला. डीजे लावून फिरलेल्या गाड्यांना यातलं काय माहीत असणार?

एखादं घर गाठायचं म्हणजे काय, तर त्याची वेळ सापडावी लागते. नोव्हेंबरात दिवसा गावात असतं कोण? बायका रानात, पोरं शाळेत. सकाळी धारा काढायच्या वेळी किंवा दिवेलागणीनंतर जायचं. आमच्या भागात दूध मोठं आहे. कुंथलगिरीचा पेढा सगळ्यांनी खाल्लाय, आता तिथल्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण तो खवा भूम तालुक्यातल्या गावागावांतल्या भट्ट्यांवर आटतो. अशाच एका भट्टीवर मी गेले. बाई कढईत उलथनं फिरवत होती. चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा पडतो, आणि शेवटच्या टप्प्यात हात थांबला की तळाला लागतो, सगळा घाणा जळका वास मारतो. त्यामुळे ती माझ्याकडे वळली नाही. धुराने डोळे बारीक करून, पाठमोरीच बोलत राहिली. मी पत्रक पुढे केलं तर म्हणाली, "वाचून दाखीव." मी वाचायला लागले तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. पंधराशे येतेत, ते चालू ऱ्हातेत का बंद पडतेत तेवढं सांग."

लाडकी बहीण योजनेचे पैसे तेव्हा नुकतेच खात्यावर पडायला लागले होते. सत्तेतले म्हणत होते एकवीसशे करू, विरोधातले म्हणत होते तीन हजार देऊ. शहरातल्या लोकांनी मग लिहिलं की बायका विकल्या गेल्या. त्या भट्टीवर ते लिहिणाऱ्यांना उभं करायला पाहिजे होतं. तिने मला पंधराशेनंतर लगेच विचारलं, दुधाला दर किती वाढवणार? मग जळणाचं. मग सोयाबीनचं. सरकारचा हमीभाव ४,८९२ आणि आडतीत चार हजारांच्या आसपास, हा फरक तिला तोंडपाठ होता. पंधराशे रुपये या सगळ्याच्या शेजारी ठेवून ती बघत होती. मला उत्तरं आली नाहीत. "विचारून सांगते" म्हणाले आणि लिहून घेतलं.

चिन्हाचा घोळ त्या वेळी फार होता. राहुल मोटेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि यंत्रावर एका अपक्षाचं ट्रम्पेट, म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी. पिपाणीला चार हजारांवर मतं पडली. मतांचा फरक दीड हजाराचा. ही सगळी मतं चुकून गेली असं मी म्हणणार नाही, ग्रॅमच्या हिशेबाने खवा विकणाऱ्या बाईला चित्र ओळखता येत नाही असं समजणं तिचा अपमान आहे. पण मोतीबिंदू झालेल्या आजोबांना ते बारीक चित्र दिसतं का, हा वेगळा प्रश्न. नमुना मतपत्रिका हातात देऊन "आबा, यावर कितवा नंबर ते दाखवा" असं दोनदा-तीनदा विचारायला लागतं. हे काम फ्लेक्स करत नाही.

आता यादीचं सांगते, कारण माझा खरा जीव तिथं अडकलाय. २०२४ची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. अर्ज मागे घ्यायचा दिवस ४ नोव्हेंबर. दिवाळी मध्येच आली, भाऊबीज झाली आणि मग गाड्या फिरायला लागल्या. १८ तारखेला संध्याकाळी प्रचार बंद, २०ला मतदान. म्हणजे प्रचार करणारे जेव्हा दारात पोचले, तेव्हा नवीन नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरायची मुदत कधीच उलटून गेली होती. मी एका वस्तीवर गेले, तिथं लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत. त्यांच्याच नणंदा कुर्डुवाडी, बार्शी, पुण्याला नांदतायत, त्यांची नावं मात्र इथं. वारलेली माणसं यादीत जिवंत. पंच्याऐंशीच्या पुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं, पण त्यासाठीचा १२-ड फॉर्म अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. एक म्हातारबा खाटेवरून उठू शकत नव्हते. त्यांची सून मला म्हणाली, "आता सांगायलाव व्हय?" दिवाळीआधीच मुदत संपलेली होती.

यादीचं काम बघणारे बीएलओ म्हणजे आमची अंगणवाडीची बाई नाहीतर शाळेतले गुरुजी. त्यांच्या डोक्यावर दहा कामं. वर्षातून चार तारखा धरून नाव नोंदवता येतं, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, हे गावात किती जणांना माहीत आहे? पक्षांनी ठरवलं तर प्रत्येक भागात एक माणूस हे काम वर्षभर करू शकतो. त्याला टेम्पो लागत नाही, गमछा लागत नाही. पण त्याचा फोटोही निघत नाही.

दुसरा घोळ गावाबाहेर गेलेल्यांचा. आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या वर्षी गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं, म्हणजे मतदानाच्या पाच दिवस आधी. उचल घेतलेला माणूस मुकादमाला "मत देऊन येतो" असं सांगू शकत नाही. आणि तरणी पोरं चाकणला, भोसरीला, हडपसरला. त्यांना फोन लावले की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, गाडी लावा की." उमेदवाराने मतदारांची फुकट ने-आण करणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट मार्गात मोडतं. मी तसं सांगितलं की पोरं गप्प व्हायची, मग म्हणायची, दुसरीकडून सोय झालीय. कोणाकडून, ते मी विचारलं नाही. काही जण मात्र स्वारगेटवरून एसटीने स्वतःच्या तिकिटावर उभ्याने आले आणि रात्रीच्या गाडीने परत कामावर गेले. त्यांचं कौतुक कुठेही छापून आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

मतदानाच्या दिवशी मी केंद्रात प्रतिनिधी म्हणून बसले. सकाळी साडेपाचला अभिरूप मतदान असतं, किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात, ती पुसतात, मग सातला खरं मतदान. बाई प्रतिनिधी बघून केंद्रावरच्या साहेबांनी आधी मला मतदारच समजून "रांगेत थांबा" म्हटलं. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर आपल्याला दोन रुपये भरावे लागतात, हे मला तिथं बसल्यावर कळलं. इतका स्वस्त अधिकार बाकी कुठे नसेल. आक्षेप घ्यायची वेळ आली नाही. समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी माझ्या चुलत दिराचा मुलगा होता, दुपारी आम्ही एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. संध्याकाळी १७-क नमुन्यावर एकूण मतं लिहिली, सह्या झाल्या, त्याची प्रत घेऊन मी घरी आले.

पूर्वी आमच्या जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाचं काम जोरात होतं, भाई उद्धवराव पाटलांचं नाव जुनी माणसं अजून काढतात. माझे सासरे सांगायचे, तेव्हा प्रचाराला जाणारे फडक्यात भाकरी बांधून निघायचे आणि उमेदवारालाच वर्गणी द्यायचे. शेजारच्या सोलापुरात गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले ते अशाच माणसांच्या जोरावर. तो काळ परत आणा, असं मी म्हणत नाही, कारण भाकरी बांधून जाणारे ते सगळे पुरुष होते आणि भाकरी थापणारीला कोणी विचारत नव्हतं. पण ज्याने स्वतःचे दोन रुपये घातले, तो नंतर आमदाराच्या ओसरीवर हक्काने बसायचा, एवढं खरं.

मी फिरताना एक वही ठेवली होती. दारात जे ऐकलं ते त्यात. कोणाचा डीपी जळालाय, कुठल्या वस्तीला पावसात दवाखान्याची गाडी पोचत नाही, खव्याच्या भट्टीवालीचे तीन प्रश्न, यादीत नसलेल्या सुनांची नावं. प्रचार कार्यालयात रोज रात्री आकडे मागायचे, "आपले किती, त्यांचे किती, कुंपणावरचे किती?" वहीत काय आहे, हे कोणी विचारलं नाही. निकालानंतर मी ती वही घेऊन गेले, तर चहा मिळाला आणि "बघू" मिळालं. उमेदवार जिंकला की पडला, याने इथं फार फरक पडत नाही. पडलेल्याकडेही लाखभर लोकांनी विश्वास ठेवून दिलेली मतं असतात, आणि अधिकाऱ्याला पत्र लिहायला आमदारकी लागत नाही.

म्हणून मी आता आधीच अटी घालते. मध्यंतरी स्थानिक निवडणुकीसाठी एका इच्छुकाचा माणूस दुकानात आला. "ताई, तुमच्या वस्त्यांचं तुम्हीच बघा, तुमचा मान ठेवू," म्हणाला. मान म्हणजे काय ते त्याच्या हाताच्या खुणेवरून कळलं. मी म्हटलं, पैसे नकोत. सुनांची नावं यादीत घालायला माझ्यासोबत तहसीलला दोन पोरं पाठवा. सहा महिन्यांतून एकदा तुमच्या माणसाने येऊन गावात बसायचं आणि वहीतल्या एकेका ओळीला होय की नाही ते सांगायचं. नाही चालेल, पण "बघू" चालणार नाही. तो म्हणाला, दादांना विचारतो. त्याने मोबाइलवर वहीच्या पानांचे फोटो काढून नेले. उत्तर आलं तर मी त्याच्यासाठी फिरेन, नाही आलं तर हीच वही त्याच्या विरोधात जो उभा राहील, त्याच्यासमोर ठेवीन.