पटावरचे भूत

आमच्या दिवाणखान्यातला दिवा गेल्या पावसाळ्यात विचार करून लागू लागला. बटण दाबल्यावर तीन-चार सेकंद अंधार, मग प्रकाश. दिवा ठीक होता, बटणही ठीक होते. दोष निघाला तो काही महिन्यांपूर्वी जळालेल्या आणि आम्ही भंगारात देऊन टाकलेल्या एका प्लगचा. घरातून गेलेली वस्तू घरातल्या दिव्याला उशीर करीत होती! जाणकार अशा वस्तूला 'घोस्ट नोड' म्हणतात. भाषेच्या अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे आम्ही या नावापाशीच अडखळलो.

आधी कारण पाहू. घरातील उपकरणे बिनतारी जोडणाऱ्या 'झेड-वेव्ह' पद्धतीत कंट्रोलर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो. तिच्या मूळ रचनेत एका जाळ्यात अधिकात अधिक २३२ क्रमांक मावतात. निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे, वाटेत फार तर चार हात बदलत जातो. उपकरण काढताना त्याचे नाव रीतसर कमी करावे लागते. आम्ही ते केले नाही. वस्तू गेली, क्रमांक पटावर राहिला. कंट्रोलर त्या क्रमांकाला हाक मारतो, ओ येत नाही, म्हणून पुन्हा मारतो. तोवर बाकीच्यांचे निरोप खोळंबतात. शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव पटावर राहावे आणि मास्तरांनी रोज हजेरीला त्याच्यापाशी थांबावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणजे भूत उपकरणात नाही, पटात आहे. पण सगळी भुते एका जातीची नसतात. काही उपकरणे मरतात. काहींचा प्रवेशच अर्धवट होतो : क्रमांक मिळतो, परंतु सुरक्षेच्या किल्ल्यांची देवाणघेवाण पुरी होत नाही. आपण पुन्हा प्रयत्न करतो, नवा क्रमांक मिळतो आणि जुना तसाच राहतो. बॅटरीवर चालणारी काही उपकरणे तर नुसती झोपलेली असतात. ती हाकेला ओ देत नाहीत, पण जिवंत असतात.

इंग्रजीतला 'घोस्ट' हा शब्द यातले काहीच सांगत नाही. आपली लोकसमजूत अधिक काटेकोर होती. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच गेला, तो मुंजा. नावातच कोणता विधी राहिला ते कळते. अर्धवट प्रवेशाच्या नोडला याहून नेमके नाव आम्हांला सुचत नाही. भुताचे वर्गीकरण हेच निदान असते.

आमची तक्रार नेमकी इथे आहे. दोष शोधून देणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअरांत घरच्या माणसाला छान नावे आणि चित्रे दिसतात. क्रमांकांचा खरा पट मात्र आतल्या कुठल्यातरी पानात दडवलेला असतो. मग कुणीतरी सल्ला देते, 'सगळे पुसून नव्याने जोडा.' एका भुतासाठी वास्तू पाडून पुन्हा बांधायची! वास्तविक उपाय साधा आहे. नादुरुस्त नोड काढण्याची आज्ञा दिली की कंट्रोलर आधी त्याला पुन्हा एकदा हाक मारून पाहतो. ओ आली तर नाव कमी करण्यास तो नकार देतो. अशा वेळी त्या उपकरणाची वीज काढून मगच आज्ञा द्यावी लागते.

ही शेवटची हाक आम्हांला फार आवडली. आपल्याकडे निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला स्वतः द्यावा लागतो. इथे पट राखणाराच विचारतो, 'आहेस का?' एवढा विवेक यंत्रणेत आहे, तर तो पडद्यावरही दिसावा. 'प्रतिसाद नाही' एवढेच न सांगता मेलेला, झोपलेला की अर्धवट आलेला, हे घरमालकाला त्याच्या भाषेत कळावे. घर ज्याचे, पट त्याच्यासमोर उघडा असावा.

आमच्या वाट्याचा दोष आम्ही नाकारीत नाही. प्लग आम्ही निरोप न देता घालवला होता. 'भूत' म्हणजे मुळात होऊन गेलेले. ते होऊन गेले, याची नोंद करणे राहिले होते. ती केली आणि दिवा बटणासरशी लागला.