हिपॅटायटिस रुग्णांची सहामाही तपासणी औषधाच्या कार्डाला जोडावी

हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षे अंगात राहिला, की यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. सुरुवातीला ही गाठ दुखत नाही, कावीळही दिसत नाही. वजन उतरते, पोटात पाणी होते, तोवर शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणून सिरॉसिस झालेल्या प्रत्येकाची, आणि सिरॉसिस नसला तरी हिपॅटायटिस बी असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांची व पन्नाशीपुढच्या स्त्रियांची, दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर त्याहूनही लवकर सुरुवात करावी लागते.

या तपासणीतील जुना रक्तघटक म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन, अर्थात एएफपी. गर्भाच्या यकृतात तयार होणारे हे प्रथिन जन्मानंतर नगण्य होते. यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा दिसते, हे 1963 मध्ये अबेलेव्ह यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते रुग्णाच्या रक्तात सापडले. आज मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅम ही सावधगिरीची मर्यादा मानतात. परंतु लहान गाठी असलेल्या अनेकांचे एएफपी वाढतच नाही, आणि विषाणू उसळला किंवा स्त्री गरोदर असली तर गाठ नसतानाही ते वाढते. त्यामुळे शिबिरातल्या एका ‘नॉर्मल’ रिपोर्टवर निर्धास्त होणे धोक्याचे आहे. एकाच रुग्णाचे लागोपाठचे आकडे 6, 11 आणि 17 आले, तर तिन्ही कागदांवर ‘नॉर्मल’च छापलेले असेल, चढ दिसतो तो तिन्ही कागद शेजारी ठेवले तरच.

या तपासणीतल्या सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. सिरॉसिसने खडबडीत झालेल्या यकृतात सेंटिमीटरभराची गाठ शोधणे म्हणजे नांगरलेल्या ढेकळांत खडा शोधणे. सुरुवातीच्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक नुसत्या सोनोग्राफीत निसटू शकतात; जोडीला एएफपी असले तर सुमारे 60 टक्के हाती लागतात. एएफपी-एल3 आणि पिव्का-2 हे नवे रक्तघटक आहेत. वय व लिंग धरून एएफपीसह या तिन्ही घटकांचे गणित मांडणारा ‘गॅलॅड’ गुणांकही वापरात येत आहे. मात्र रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांत पिव्का-2 गाठीविनाही वाढते. आणि या नव्या चाचण्यांनी मृत्यू घटतात याचा पुरेसा पुरावा अजून नाही.

साध्या जोडीचा असा पुरावा आहे. शांघायमध्ये सुमारे 18,800 जणांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहामाही एएफपी व सोनोग्राफीच्या गटात यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी होते. तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम 60 टक्केच पार पडल्या असताना. म्हणजे उणीव यंत्रापेक्षा हजेरीची जास्त आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही हजेरी अवघड आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीला गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. कोयत्यावर गेलेल्या रुग्णाला जानेवारीची तारीख देऊन उपयोग नाही. त्याला दसऱ्याआधी एक आणि पाडव्यानंतर एक अशा दोन तारखा द्याव्यात. दोहोंत सहा महिन्यांचेच अंतर पडते. गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात, म्हणून ही मुदत वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. हिपॅटायटिस बीचा रुग्ण टेनोफोव्हिरसाठी वर्षानुवर्षे येत राहतो. त्याच्याच कार्डावर सोनोग्राफी व एएफपीची पुढची तारीख आणि मागचे सगळे आकडे लिहावेत. न आलेल्यांची यादी आशाताईंकडे जावी. गोळ्यांनी धोका घटतो, संपत नाही. हिपॅटायटिस सी औषधाने पूर्ण बरा झाला, तरी सिरॉसिस असलेल्याचे नाव यादीतून काढू नये.

ग्रामीण रुग्णालयांत सोनोग्राफी करणारे डॉक्टर रोज कोठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण सहामाहीला रोज डॉक्टर लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयात हंगामापूर्वी आणि हंगामानंतर काही दिवस राखून ठेवले तरी भागेल. सेंटिमीटरची गाठ दिसली किंवा एएफपी 20 च्या वर गेले, तर रुग्णाला नुसती चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नये. कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या योजनेतून होईल, हे त्याच वेळी ठरवून द्यावे. जिल्हा आरोग्य यंत्रणेने येत्या गळीत हंगामाआधी निदान ऊसतोडीच्या तालुक्यांत ही व्यवस्था सुरू करावी.

— एक वाचक, अहिल्यानगर